सुलोचनाचा बंदोबस्त

मी क्वालिटी कंट्रोलचा माणूस आहे. अंधेरीला आमची स्विचबोर्डांची कंपनी आहे आणि माझा शिक्का बसल्याशिवाय तिथून साधं बटणसुद्धा बाहेर पडत नाही. हे आधीच सांगतो, कारण सुबोध चिंदरकरला, म्हणजे मला, एक काचेची पेटी धड करता आली नाही, असा समज आमच्या मुलुंडच्या सोसायटीत पसरलाय आणि तो साफ खोटा आहे. पेटी उत्तम झाली होती. बाकी सगळ्याची वाट लागली, ते वेगळं.

पेटी हवी होती कोळ्यासाठी. कोपऱ्यात जाळी धरतो तो कोळी नव्हे, टॅरंटुला. तळहाताएवढा, केसाळ, तपकिरी, आणि जातीने बाईमाणूस. आमच्या लेकीने, अक्षताने, तो रीतसर कागदपत्रं करून आणला होता आणि त्याला, म्हणजे तिला, आठ डोळे आहेत म्हणून नाव ठेवलं होतं सुलोचना. पुढे अक्षताला हैदराबादला नोकरी लागली. तिथल्या पीजीवालीने केसाळ प्राणी चालणार नाही म्हणून कळवलं. आपण मांजराबद्दल बोलत नाही आहोत हे त्या बाईंना कळलंच नव्हतं, पण अक्षताने विषय वाढवला नाही. सुलोचना आमच्याकडे राहिली.

आता एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. ही पोरगी पुण्याला हॉस्टेलवर होती तेव्हा तिचा फोन यायचा रविवारी, आणि त्यात तीन गोष्टी असायच्या: हो, जेवले, ठेवते. सुलोचना आमच्याकडे राहायला लागल्यापासून मात्र संध्याकाळी आठ वाजले की व्हिडिओ कॉल. सुलोचना कशी आहे, दाखवा. मी फोन डब्यासमोर धरायचा. ती बघायची, आणि बघता बघता बोलायची. ऑफिसातला साहेब कसा आहे, डाळीत चिंच कशी घालतात, पाय का दुखतोय, सगळं. तो फोन कोळ्याला असायचा, मला नाही, एवढं कळण्याइतका मी शहाणा आहे. पण आवाज माझ्या कानात यायचा. मला तेवढं पुरत होतं.

डबा म्हटलं, तोच घात झाला. सुलोचना तेव्हा फराळाच्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात राहायची. झाकणाला भोकं पाडली होती. समोरचे चंद्रप्रकाश दळी शिडी मागायला आले, मी शिडी आणायला आत गेलो, आणि त्यांनी चकल्या असतील म्हणून झाकण उघडलं. दळी बँकेतून लॉकर विभागाचे अधिकारी म्हणून निवृत्त झालेत. आयुष्यभर लोकांच्या बंद पेट्यांकडे पाठ करून उभा राहिलेला हा माणूस, आणि मोह झाला तो नेमका इथे. सुलोचनाने मागच्या पायांनी पोटावरचे केस उडवले. हे केस खाजरे असतात. दळींचा हात आठवडाभर लाल होता आणि तो हात त्यांनी बिल्डिंगच्या प्रत्येक मजल्यावर जाऊन दाखवला.

आमच्या सेक्रेटरी संघमित्राताई. बाई सरळ, नियमाने चालणाऱ्या, पाण्याच्या टँकरवाल्यालासुद्धा पावतीशिवाय गेटातून आत न घेणाऱ्या. त्यांनी मला खाली बोलावून शांतपणे सांगितलं की प्राण्याला आमचा विरोध नाही, पण येत्या मीटिंगपर्यंत कमिटीला पसंत पडेल असा सुरक्षित पिंजरा करा, नाहीतर प्राणी हलवा. मालाडला अक्षताची एक मैत्रीण सुलोचनाला न्यायला टपलेलीच होती. म्हणजे सुलोचना मालाडला जाणार आणि आठचा फोनही मालाडला जाणार. मी त्याच संध्याकाळी पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसलो.

अक्षताने फोनवर सगळं समजावलं. पेटी उंच नको, पसरट हवी, कारण सुलोचना चढते छान पण पडली तर पोट फुटून मरते. तळाला नारळाच्या काथ्याचा भुसा, दडायला अर्धी करवंटी, पाण्याला बशी, आणि हवेसाठी दोन्ही बाजूंना भोकं. ड्रॉइंग घेऊन मी घाटकोपरला एका काचवाल्याकडे गेलो. तो पिढीजात माशांच्या टाक्या करणारा. त्याने विचारलं, मासा कुठला? मी म्हटलं, मासा नाही. मग पाणी किती? पाणी बशीभर. त्याने ड्रॉइंगवरची भोकं बघितली आणि माझ्याकडे असं काही पाहिलं की मला माझं शिक्षण सांगावंसं वाटलं. भोकं पाडली तर गळेल, हे त्याने हिंदीत, मराठीत आणि शेवटी हातवारे करून सांगितलं. मी ठाम राहिलो. पेटी घ्यायला गेलो तेव्हा भोकं अगदी मापात होती, आणि सगळी सिलिकॉनने बुजवलेली होती. गिऱ्हाइकाची चूक आपण सुधारली, आणि त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत, असं तो मोठ्या मनाने म्हणाला. ते सिलिकॉन मी घरी दाभणाने उकरून काढलं.

पेटी आली तशी बिल्डिंग सल्ले घेऊन आली. संघमित्राताईंनी भोकांना बारीक स्टीलची जाळी सांगितली, ते योग्यच होतं. तिसऱ्या मजल्यावरून पेटीला चाकं लावा असं आलं, आग लागली तर ढकलत नेता येईल म्हणून. कुणीतरी पेटीत सीसीटीव्ही सुचवला. आमच्याच मजल्यावरचे सहदेवकाका घाडी मात्र काहीच सुचवेनात. काका मालवणकडचे, आधी गिरणीत, मग एका स्टुडिओच्या गेटवर नोकरी केलेले. बिल्डिंगमध्ये नारळ फुटायचा असला, मग तो गणपतीचा असो की पाण्याचा नवा पंप बसवल्याचा, देवापुढे गाऱ्हाणं काकाच घालणार. त्यांनी पेटीभोवती एक फेरी मारली, जनावर बऱ्या लक्षणाचं दिसतंय म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

खरा हातभार लावला दळींनी. हाताची खाज गेल्यावर त्यांच्यातला लॉकर अधिकारी जागा झाला. म्हणाले, एक कुलूप म्हणजे कुलूपच नव्हे. दोन पाहिजेत. एक चावी ग्राहकाकडे, एक बँकेकडे. दोन्ही लागल्याशिवाय लॉकर उघडत नाही, त्यामुळे पुढे कुणी कुणाकडे बोट दाखवू शकत नाही. कमिटीला ही कल्पना फार पटली. पेटीला अ‍ॅल्युमिनियमची चौकट आली, चौकटीला दोन कड्या, कड्यांना दोन कुलुपं. एक चावी माझ्याकडे, दुसरी दळींकडे.

मग सरकारी ना-हरकत. ती कुणी मागितली हे आता कुणालाच आठवत नाही. मी एका कचेरीत गेलो, कुठल्या ते सांगत नाही. खिडकीवरच्या गृहस्थांकडे कुत्रा, मांजर आणि इतर असे तीन रकाने होते. सुलोचना इतरमध्ये बसली. इतरला रेबीजची लस दिल्याचा दाखला आणि पट्टा घातलेला फोटो लागत होता. मी म्हटलं, साहेब, तिला मानच नाही. ते म्हणाले, मग कमरेला बांधा. नसबंदी झाली आहे का, हेही त्यांनी विचारलं, आणि मी ऑफिसातून अर्धी सुट्टी काढून त्या प्रश्नावर विचार करत उभा राहिलो. शेवटी त्यांना माझी दया आली असावी. त्यांनी मला शेजारच्या खिडकीवर पाठवलं. तिथले लोक अतिशय तत्पर निघाले. पत्ता द्या, उद्या सकाळी माणूस येऊन फवारणी करून जाईल, एक कोळी शिल्लक राहणार नाही म्हणाले. मी पत्ता न देता बाहेर पडलो.

ना-हरकतीविनाच पेटी मंजूर झाली. कमिटीने पाहणी केली, संघमित्राताईंनी जाळी नखाने ओढून बघितली, मी मनातल्या मनात शिक्का मारला. रात्री अक्षताने पेटी पाहिली आणि म्हणाली, बाबा, झकास झालीय. हा शब्द तिने माझ्या कुठल्याही कामाबद्दल पूर्वी वापरलेला नव्हता. मी तो तिच्याकडून परत एकदा म्हणवून घेतला, आवाज तुटतोय असं सांगून.

त्यानंतर सुरू झाले दळी. सुलोचनाला चार-आठ दिवसांनी एक किडा द्यायचा एवढंच काम, पण त्यासाठी दळींची चावी लागे. ते इस्त्रीचा शर्ट घालून येत. आपली चावी फिरवत, आणि लगेच घराबाहेर जाऊन जिन्यात उभे राहत. ग्राहक लॉकर उघडत असताना अधिकाऱ्याने आत थांबायचं नसतं. किडा आत सोडून मी हाक मारली की परत येत. रविवारी व्यवहार बंद. दुपारची जेवणाची सुट्टी पाळत. एकदा बशीतलं पाणी संपलं आणि दळी लग्नाला ठाण्याला गेलेले, तर मी आणि माझी बायको रुचिरा जाळीतून ड्रॉपरने थेंब थेंब पाणी सोडत बसलो. रुचिरा आधी त्या खोलीत पाऊल टाकत नसे. आता ती सुलोचनाशी बोलायला लागली होती, आणि मला जे टोमणे मारायचे ते तिच्यामार्फत मारायला लागली होती.

आणि मग सुलोचनाने खाणं सोडलं. रंग उतरला, हालचाल मंदावली, किडा समोरून फिरला तरी ढुंकून बघेना. अक्षताच्या ऑफिसात नेमकी कामाची गडबड, ती पेटीकडे धड न बघता दोन-चार मिनिटं बोलून ठेवत होती, आणि तिला उगाच काळजी नको म्हणून मी सांगितलं नाही. एका सकाळी रुचिराची हाक आली. सुलोचना करवंटीबाहेर पडली होती. आठही पाय पसरलेले, अंगावरचे केस जागच्या जागी, आणि हालचाल नाही. दळी पायजम्यावर धावत आले, ही त्यांच्या कारकिर्दीतली पहिलीच वेळ असेल. मी चमच्याने हलवून पाहिलं. हाताला काहीच वजन लागेना. आजारात वाळून गेली गं बाई, असं म्हणून रुचिराने डोळ्यांना पदर लावला, आणि मीही शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. कोळ्यासाठी मी रडेन असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला रिजेक्ट केला असता.

बिल्डिंग मात्र माणुसकीने वागली. सहदेवकाकांनी पंपरूममागच्या जास्वंदीखाली खड्डा करून स्वतःच्या हाताने माती लोटली. संघमित्राताई येऊन दोन शब्द चांगले बोलल्या. दळींनी आपलं कुलूप काढलं आणि चावीसकट माझ्या हातात दिलं, खातं बंद झालं म्हणून. पेटी पुढे कांदे-बटाट्यांना होईल असं ठरवून रुचिराने वास जायला झाकण उघडं टाकलं. आतला भुसा आणि करवंटी रविवारी काढू म्हणाली.

आठ वाजता फोन वाजला. मी उचलला नाही. काय सांगणार होतो? सुलोचना गेली, आता तुझी रोज फोन करायची पंचाईत मिटली, असं? मी मेसेज टाकला की लाईट गेली आहे. दुसऱ्या दिवशी मी चार्जर बिघडवला. रुचिरा म्हणाली, लपवून काय होणार आहे, सांगून टाका. तिचं बरोबर होतं आणि म्हणून मला तिचा राग आला. त्या पुढच्या संध्याकाळी मात्र मी शर्ट बदलला, खुर्ची भिंतीला लावून बसलो आणि आठच्या ठोक्याला फोन उचलला.

अक्षता दिसली. मी म्हटलं, बाळा, तुला एक सांगायचं आहे, मन घट्ट कर. ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या डोक्याच्या वर कुठेतरी बघत होती.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "अजिबात हलू नका. ती तुमच्या मागे भिंतीवर आहे."

मी हललो नाही, याचं श्रेय माझ्या धैर्याला देऊ नका. जास्वंदीखाली पुरली ती कोण, एवढंच मी विचारू शकलो. अक्षताला सगळा प्रकार कळायला क्षणभर लागला, आणि मग ती इतकी हसली की फोन तिच्या हातातून पडला. कोळी कात टाकतो, बाबा. केसांसकट, पायांसकट अख्खी. तुम्ही कात पुरलीत. म्हणजे आम्ही सर्वांनी रडून भेकून जिचं केलं, ती सुलोचनाची जुनी साडी होती म्हणायची, आणि खुद्द बाईसाहेब करवंटीखाली नव्या अंगाने स्वस्थ बसल्या होत्या. झाकण उघडं सापडल्यावर फिरायला निघाल्या.

दार उघडं होतं, कारण रुचिरा शेजारी विरजण मागायला गेली होती. सुलोचना चौकटीवरून बाहेर गेली, पॅसेजची भिंत ओलांडली आणि थेट सहदेवकाकांच्या दाराच्या वर, गणपतीच्या टाइलच्या शेजारी जाऊन थांबली. तेवढ्यात काकांनी दार उघडलं. ज्या जिवाला आपण मातीआड केलं तो डोक्यावर बसलाय, आणि नवाकोरा, तुकतुकीत, काळाभोर होऊन बसलाय, हे त्यांनी बघितलं. काका ओरडले नाहीत. त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले.

"मियां माझ्या हातान मातयेत घातलंय," ते म्हणाले, "आणि बग, नव्या अंगान परत इलो. ह्यो राखणदार आसा रे, सुबोध."

राखणदार म्हणजे गावाकडे जागेची राखण करणारा देव. आमचं मूळ गाव चिंदर, मलाही हे लहानपणापासून ठाऊक, आणि पेपरात विज्ञान वाचत असलो तरी त्या घटकेला माझाही हात छातीपर्यंत गेला होता. मी कातीचं समजावून सांगितलं. काका म्हणाले, कात तर नागही टाकतो, मग? त्यांनी आतून नारळ आणला. पॅसेजमध्ये माणसं जमली. हातातल्या फोनमधून अक्षता मला सांगत होती, श्रीखंडाचा डबा वरून धरा, मागून कार्डबोर्ड सरकवा, आणि खाली काकांचं गाऱ्हाणं सुरू होतं. बा राखणदारा म्हाराजा, बंद पडलेली लिफ्ट चालू कर रे म्हाराजा. बिल्डराक सुबुद्धी दी रे म्हाराजा. आणि सगळा मजला म्हणत होता, व्हय म्हाराजा. स्टुलावर चढून, श्रीखंडाच्या डब्यात देव धरताना, मीही एकदा व्हय म्हाराजा म्हणालो. सुलोचना डब्यात आली, पेटीत गेली, मी दोन्ही कुलुपं लावली आणि जमिनीवरच बसलो.

मला वाटलं संपलं. दुसऱ्याच दिवशी लिफ्ट चालू झाली. लिफ्टवाला त्या दिवशी येणारच होता, संघमित्राताईंकडे त्याचा मेसेज होता. पण मेसेज कोण बघतो? मीटिंगला अख्खी बिल्डिंग हजर. जे लोक गेला महिनाभर कुलूप कुलूप करत होते, ते आता कुलूप काढा म्हणून आले होते. राखणदाराला कोंडून ठेवलं तर तो राखण कशी करणार? त्याने जिन्यात, गच्चीवर, पार्किंगमध्ये मोकळं फिरायला हवं. दळींनीसुद्धा बाजू बदलली. देवस्थानाच्या पेटीला बँकेचे नियम लागू होत नाहीत असं त्यांचं मत पडलं. विरोधात एकट्या संघमित्राताई. श्रद्धा ज्याची त्याची, म्हणाल्या, पण पॅसेजमध्ये मोकळा प्राणी चालणार नाही. काका हट्टाला पेटले, आवाज चढले, हात उंच करून मतं घ्यायची वेळ आली.

मी उभा राहिलो. मला मीटिंगमध्ये बोलता येत नाही, कान लाल होतात. पण डोळ्यांसमोर ती जिन्यावरून पडलेली, कुणाच्या चपलेखाली आलेली दिसत होती.

"मला राखणदार नको आणि नियमही नको," मी म्हणालो. "ती पडली तर मरेल. ती आहे म्हणून माझी पोरगी रोज मला फोन करते, माझ्याशी बोलते. दुसरं काही कारण नाही. पेटीला कुलूप राहणार."

काकांचा मुलगा दुबईला असतो. त्यांनी मतासाठी उचललेला हात खाली घेतला. मग म्हणाले, ऱ्हवांदे. देव पेटीतूनही राखतो. संघमित्राताईंनी पटकन ठराव मंजूर झाला म्हणून सांगून चहा मागवला.

हा माझा विजय होता, आणि तो मला एक दिवसही भोगता आला नाही. दुसऱ्या संध्याकाळी आठला दहा मिनिटं असताना काका नारळ घेऊन आले. मागून दळी, मागून तिसरा मजला. सुबोधची पोरगी रोज आठला दर्शन घेते, हे मीच भर मीटिंगमध्ये सांगितलं होतं ना. फोन वाजला तसा सगळ्यांनी हात जोडले. काकांनी अक्षताला तिच्या लग्नाचं गाऱ्हाणं घालू का म्हणून विचारलं. दळींनी तिला पगारातून मुदत ठेव कशी करायची ते समजावलं. हिशेब मागायला आलेल्या संघमित्राताई हिशेब विसरून तिला पीजीच्या भाडेकराराबद्दल विचारत बसल्या. मी हात लांब करून फोन धरून उभा होतो. हात भरून आला तर दळी म्हणाले, चिंदरकर, जरा स्थिर धरा, चित्र हलतंय. मला एक शब्द बोलायला मिळाला नाही. शेवटी अक्षता सगळ्यांना अच्छा म्हणाली आणि फोन बंद झाला.

माणसं गेली. रुचिरा खोबऱ्याचे तुकडे गोळा करत होती. मी पेटीची दोन्ही कुलुपं ओढून बघितली आणि जेवायला बसणार, तोच फोन परत वाजला. अक्षता. काहीतरी बघायचं राहिलं असेल म्हणून मी फोन घेऊन पेटीपाशी गेलो आणि सांगितलं की सुलोचना करवंटीत शिरली आहे, आता काही दिसायची नाही.

"असू दे," ती म्हणाली. "गेले सगळे?"

"गेले."

"मग तिच्यासमोरून फोन काढा आणि तुमच्यासमोर धरा. काका सांगत होते, मीटिंगमध्ये काय म्हणालात ते."

मी फोन माझ्याकडे वळवला.

"वेडे आहात का हो तुम्ही," ती म्हणाली. तिचा आवाज जरा ओला झाला होता. "बोला ना बाबा, आता."

इतके दिवस मी ज्याची वाट बघत होतो ते झालं, आणि मला एक गोष्ट सुचेना. मी खुर्चीवर बसलो, चष्मा पुसला, परत घातला. मग तिला सांगितलं की आज आईने फणसाची भाजी केलीय आणि मीठ जरा जास्त पडलंय. ती म्हणाली, बरं, आणि? मी म्हटलं, आणि ताक आहे.